साहेबाचे पूल आणि विलायतेहून येणारं पत्र

कुठे पूल पडला की तासाभरात तो मजकूर फोनवर येऊन थडकतो. 2025 च्या जूनमध्ये मावळात कुंडमळ्याचा लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळला, तेव्हाही आला. आमच्या ग्रुपवर तो टाकला मामांनी. मामा बांधकाम खात्यात मिस्त्री म्हणून निवृत्त झालेले, म्हणून मला जरा जास्तच लागलं.

मजकूर थोडक्यात असा: इंग्रजांनी बांधलेले पूल दीडशे वर्षांनंतरही ठणठणीत आहेत. शंभर वर्षं भरली की बांधणारी कंपनी विलायतेहून पत्र धाडते, पुलाची मुदत संपली, आता जबाबदारी आमची नाही. तेव्हा पैसा खाणं नव्हतं, शिस्त होती. साहेबाने आपल्याला रस्ते-पूल दिले आणि आपल्याला ते राखता आले नाहीत.

शेवटच्या पाच शब्दांशी माझं भांडण नाही. बाकीच्याशी आहे.

आधी ते पत्र. लिहिणार कोण? मुंबई इलाख्यातले सडकेवरचे बहुतेक पूल कुठल्या कंपनीचे नव्हतेच. गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात, 1854-55 च्या सुमारास, सार्वजनिक बांधकाम खातं निघालं आणि हे काम त्याच्याकडे आलं. 1947 ला ते खातं नकाशे, फायली, कारकून, मिस्त्री यांच्यासकट इथेच राहिलं. म्हणजे पत्र पाठवायचं तर खात्यानेच खात्याला पाठवायचं. रेल्वेचे पूल जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) या रेल्वे कंपनीचे खरे, पण ती 1925 मध्येच सरकारने ताब्यात घेतली. आणि ठेकेदार म्हणाल, तर बोरघाटातल्या रेल्वेचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इथे उतरला आणि काही दिवसांतच मेला. काम त्याच्या बायकोने, ॲलिसने, पुढे नेलं. शंभर वर्षांची हमी देऊन तारीख लक्षात ठेवणारं त्यातलं कोण उरलं?

आता टिकाऊपणा. तो बोरघाटच घ्या, कारण त्याचंच कौतुक सगळ्यात जास्त होतं. पंधरा मैलांत अठराशे फुटांवर चढ, पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. 1863 मध्ये गव्हर्नर बार्टल फ्रियरने खंडाळ्यात थाटात उद्घाटन केलं. त्या आठांपैकी एक पूल 1867 च्या जुलैत, म्हणजे चार वर्षांनीच, ढासळला. आज लोणावळ्याला जाताना खिडकीतून जे दिसतं ते उरलेलं आणि नंतर पुन्हा बांधलेलं. अहमदाबाद तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं. तिथे साबरमतीवर साहेबाने लाकडी पूल बांधला आणि 1875 च्या पुराने तो नेला. खुद्द साहेबाच्या देशात, स्कॉटलंडमधला टे नदीवरचा रेल्वेपूल 1878 मध्ये सुरू झाला आणि 1879 च्या डिसेंबरात वादळी रात्री गाडीसकट पाण्यात गेला. पंच्याहत्तरच्या आसपास माणसं गेली. मुंबईत 1868 चा कर्नाक पूल 2022 मध्ये उतरवावा लागला, धोकादायक झाला म्हणून.

गोम इथे आहे. पडलेला पूल फॉरवर्ड होत नाही, त्याचा फोटोच नसतो. दीडशे वर्षांत जे वाहून गेले ते मोजणीतून गेले आणि जे तगले तेवढ्यांचीच शिरगणती होते. आपल्याकडचे मात्र आजचे पडलेले मोजायचे आणि उभे असलेले सोडून द्यायचे. साहेबाचे पूल मोजले तसे मोजायचे तर 2125 पर्यंत थांबावं लागेल.

तरीही दगडी कमान दीर्घायुषी असते हे खरंच. त्याचं कारण साहेब नव्हे, कमान. कमानीत दगड दगडावर नुसता दाबला जातो आणि दाब सोसणं हा दगडाचा स्वभावच. आत लोखंड नाही, म्हणून गंजायला काही नाही. शिवाय काटेकोर आकडेमोड हाताशी नव्हती, तेव्हा शंका आली की जाडी वाढवायची. सिमेंट-काँक्रीटच्या पुलात सळई असते. आपल्या कोकणच्या खाऱ्या हवेत वरचं आवरण जरा फुटलं की ती सळई गंजून फुगते आणि काँक्रीट सोलून काढते. पण दगडी पुलाला लागतात जाड खांब, जवळजवळ उभे केलेले. ते पुराचं पाणी अडवतात आणि पाणी खांबाच्या बुडाशी खरवडत राहतं. पाया उघडा पडला की वरची कमान कितीही भक्कम असो. त्यातून हे पूल बांधले बैलगाड्यांच्या जमान्यात. आज त्यावरून चाळीस टनांचे ट्रक जातात.

पैसा खाण्याबद्दल मजकूर लिहिणाऱ्याला काहीच ठाऊक नसावं. 1859 च्या सुरुवातीला याच घाटात मजुरांनी दंगा केला. का? पगार थकवले होते, पोटठेकेदार मधल्यामधे पैसे गिळत होते. पटकीच्या साथींत हजारो मजूर मेले ते वेगळंच. एका वेळी चाळीस हजारांवर माणसं त्या कड्यांवर राबत होती, पण कौतुकात नावं साहेबांचीच. पूल नको, रस्ता नको, नुसती समुद्रात भर घालायची म्हटली तरी काय झालं ते 1920 च्या दशकात मुंबईने पाहिलं. बॅकबेच्या भरावात गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या सरकारने पैसा समुद्रात ओतला. खुर्शेद नरिमन यांनी ते चव्हाट्यावर आणलं, तर हार्वी नावाच्या इंजिनिअरने त्यांच्यावरच अब्रुनुकसानीचा खटला भरला. नरिमन सुटले. आज नरिमन पॉइंटला उभं राहून लोक भराव किती छान म्हणतात, ही आणखी एक गंमत.

‘साहेबाने दिले’ हे तर मुळीच खरं नाही. सडकेचा पैसा आला शेतसाऱ्यातून. 1860 च्या दशकात मुंबई इलाख्यात साऱ्याच्या रुपयामागे एक आणा ‘लोकल फंड’ लावला. त्यातला मोठा वाटा रस्त्यांना गेला, उरलेला शाळांना. रेल्वेच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी होती. धंद्यात तूट आली तर ती इथल्या तिजोरीतून भरायची आणि व्याज लंडनला जायचं. रस्ते कुठून कुठे जातात तेही पाहा. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, तसं हुबळी-धारवाडचा कापूस कारवार बंदरात उतरवणाऱ्या सडकांना अचानक जोर आला. आमच्या गावच्या ओढ्यावर मात्र पावसाळ्यात साकवच राहिला. माहीमचा कॉजवे सरकारने पैसे नाहीत म्हणून टाळला, तो अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी दीड लाखाहून अधिक रुपये देऊन 1845 मध्ये करवला, टोल घ्यायचा नाही या अटीवर. सांगलीचा आयर्विन पूल नावाने व्हाइसरॉयचा, पण बांधला 1929 मध्ये सांगली संस्थानाने.

आणि डोकीही इथलीच. अहमदाबादचा तो वाहून गेलेला पूल 1892 मध्ये पोलादात उभा केला हिम्मतलाल धीरजराम भचेच या इंजिनिअरने. अंदाजापेक्षा खर्च कमी आला म्हणून सरकारला संशय, चौकशी बसली, काम चोख निघालं. पुण्याच्या कॉलेजातून निघालेले विश्वेश्वरय्या 1884 मध्ये याच बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागले आणि त्यांचं सुरुवातीचं काम होतं खानदेशात पांझरा नदीखालून पाणी नेण्याचं. पुढे 1927 मध्ये देशातल्या रस्त्यांची दुर्दशा तपासायला समिती नेमावी लागली, तिचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर. सगळं ठणठणीत असतं तर ही समिती कशाला?

राहता राहिला महाडचा पूल, कारण मजकुरात त्याचा उल्लेख असतोच. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा 1928 चा पूल पुरात गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एस्ट्या आणि आणखी गाड्या गेल्या, चाळीसच्या आसपास माणसं गेली. तो इंग्रजांच्याच काळातला होता, हे वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही. त्याच्याच शेजारी स्वातंत्र्यानंतरचा नवा पूल होता, तो त्याच पाण्यात उभा राहिला. मजकुरात तो नाही.

एवढं सगळं मामांना फोनवर ऐकवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी त्यांच्या उमेदीतलं सांगायला सुरुवात केली. पावसाळा सरला की मैलकुलींची, म्हणजे रस्त्याची देखभाल करणाऱ्या खात्याच्या मजुरांची टोळी दोर बांधून कमानीवरून खाली सोडायची. सांध्यात रुजलेले पिंपळ-उंबर कोयत्याने मुळापासून काढायचे, भोकं चुन्याने बुजवायची, पाणी जायच्या मोऱ्या मोकळ्या करायच्या. दर वर्षी. एक वर्ष चुकलं तर पुढच्या वर्षी मनगटाएवढं मूळ.

“मग विलायतेहून पत्र आलं होतं का कधी?” मी विचारलं.

“विलायतेचं नाही,” मामा म्हणाले. “एक वरून आलं होतं. मैलकुलींच्या जागा भरणार नाही, कोयते स्टोअरला जमा करा म्हणून.”