पनीर टिक्का फिरेपर्यंत जरा हसवा

दिवाळीआधीच्या एका ऑफिस पार्टीत बुफेशेजारी उभं राहून 20 मिनिटं बोललेल्या कॉमेडियन मुलीचं बिल अजून निघायचंय. परवा सातव्यांदा मेसेज आला, 'प्रोसेसमध्ये आहे', आणि शेवटी स्मायली. त्या स्मायलीने डोळेच उघडले. तरुण कॉमेडियन बोलवायचा कसा याचं शास्त्र काही मोजक्याच मंडळींना पूर्ण अवगत आहे आणि ते त्यांच्यापाशीच राहिलं तर तुम्हा आम्हाला कोण शिकवणार? म्हणून हा प्रपंच.

आधी जागा. लॉनच घ्या. बुटक्या छताच्या, खुर्चीला खुर्ची लावलेल्या खोलीत एकाचं हसू दुसऱ्याला ऐकू जातं, भिंतीवर आपटून परत येतं आणि तिसरा उगाचच हसतो. हा धोका लॉनवर नाही. तिथे हसू थेट आकाशात जातं आणि हसणाऱ्याला वाटतं, आपण एकटेच हसलो की काय. मग तो पुढच्या जोकला गप्प बसतो. दहा-दहा जणांची गोल टेबलं मांडा, म्हणजे निम्म्यांची पाठ आपोआप स्टेजकडे होईल. पहिल्या टेबलाच्या आणि स्टेजच्या मध्ये 20 फूट डान्स फ्लोअर मोकळा सोडा. तिथे कुणाची तरी दोन वर्षांची चिमुकली धावत येईल आणि पुढची पाच मिनिटं सगळे तिच्याकडे बघतील. गोड असते हो ती, तिची काही चूक नाही.

लाइट प्रेक्षकांवर मारा, स्टेजवर नको. अंधारात माणूस मनमोकळा हसतो. उजेडात आधी साहेब हसतायत का ते बघतो.

साउंड डीजेवर सोपवा. साधा वायरचा एसएम58 माइक वर्षानुवर्षं दगा देत नाही, म्हणून तो टाळा. कॉर्डलेस घ्या, त्यात सकाळच्या अंताक्षरीचेच सेल राहू द्या. स्पीकर कलाकाराच्या पाठीशी लावा, म्हणजे माइक त्यांचा आवाज उचलेल आणि ऐन रंगात शिट्टी वाजेल. गाण्यांसाठी लावलेला इकोही बंद करू नका. जोकचा सगळा जीव शेवटच्या शब्दात असतो, तोच 'सासूबाई... बाई... बाई' असा विहिरीतून आला की निम्मं काम फत्ते. माइकचा स्टँड नको, कंपनीचा लोगो लावलेला पोडियम हवा. पाच फुटांची मुलगी असेल तर फक्त कपाळ दिसतं.

वेळ: स्टार्टर सुटले की लगेच.

त्याआधी वर्षभरात दिवंगत झालेल्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली, मग निवेदकाचं वाक्य, 'आता आपल्याला हसवून हसवून लोटपोट करायला येत आहेत...' आणि इथे नाव चुकवा.

मजकुराबद्दल स्पष्ट असा. राजकारण नको, धर्म नको, जात नको, बायकांवर नको, साहेबांवर नको, आमच्या धंद्यावर नको. पण बोल्ड पाहिजे. तरुणाईला भिडलं पाहिजे. आदल्या दिवशी पूर्ण स्क्रिप्ट वर्डमध्ये मागवून एचआरकडे द्या. एचआर पंच, म्हणजे हसवणारी शेवटची ओळ, कापेल आणि तिच्या आधीचा सेटअप ठेवेल. कार्यक्रम सुरू असताना खालून ओरडा, 'थोडं हिंदीत घ्या, डायरेक्टर साहेबांना कळत नाहीये.'

'पुलंसारखं करा ना काहीतरी.' हे वाक्य मात्र कॉमेडियन स्टेजवरून उतरल्यावर म्हणायचं.

मुलगी कॉमेडियन असेल तर 'बायकांमध्ये चांगली आहे' असं म्हणा, दिलदार वाटतं.

विनोद आवडला नाही तर हसू नये, उठून जावं, तिकिटाचे पैसे परत मागावेत, हे जुने उपाय झाले. 23 मार्च 2025 ला मुंबईत खारच्या हॅबिटॅट या कॉमेडीच्या अड्ड्यात शिंदे यांच्या शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी घुसून जागाच फोडली, दुसऱ्या दिवशी महापालिकेचा हातोडाही पोचला. खड्ड्यासाठी वर्षभर न येणारी महापालिका! राग होता कॉमेडियन कुणाल कामरावर. गेली कुणाची जागा? जिथे शेकडो नवी पोरं चार-चार मिनिटं उभं राहून शिकत होती, त्यांची. इंदूरला 1 जानेवारी 2021 ला कॉमेडियन मुनव्वर फारुकीला कार्यक्रमातूनच पकडून नेलं. अंतरिम जामीन द्यायला सर्वोच्च न्यायालय लागलं. तेव्हा एखाद्या जोकने तुमच्या भावना दुखावल्याच तर घाई करू नका, पर्याय बरेच आहेत.

कॉमेडियन लिहितोही आणि कामही करतो हे कळलं तर सोन्याहून पिवळं. त्याच्याकडून एका पानाची कन्सेप्ट मागा. आवडली म्हणा. मग दहा एपिसोडचं ब्रेकडाउन, मग पायलट म्हणजे नमुन्याचा पहिला एपिसोड, मग 'जरा रिलेटेबल करून' पायलट पुन्हा. पैशाचा विषय काढला की 'प्लॅटफॉर्मने हो म्हटलं की बसूच आपण.' करार झालाच तर सगळे हक्क तहहयात, अखिल ब्रह्मांडात, आजवर निघालेल्या आणि पुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांसकट लिहून घ्या. कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर लेखकाचा रॉयल्टीतला वाटा असा लिहून घेता येत नाही, पण त्या पोराला कुठे माहितेय! अभिनयासाठी बोलवायचं तर दुपारी तीनला दोन सीन पाठवा आणि संध्याकाळी सहापर्यंत सेल्फ टेस्ट, म्हणजे घरीच शूट केलेली ऑडिशन, मागवा: आधी नाव, उंची, डावा प्रोफाइल, उजवा प्रोफाइल, हाताच्या दोन्ही बाजू. कॅमेरा आडवा. त्यानंतर आयुष्यात कधीही उत्तर देऊ नका. मालिकेत घेतलंत तर पैसे 90 दिवसांनी, आणि ते 90 कुठल्या दिवसापासून मोजायचे हे तुमच्या हातात.

आता मानधन. इथे खरी कला लागते.

पहिलं वाक्य ठरलेलं: 'बजेट नाही, पण एक्स्पोजर मिळेल.' केटररला हे सांगून बघा, भाताचं पातेलं उचलून घरी नेईल. दुसरं वाक्य: 'अहो, 20 मिनिटं तर बोलायचंय.' हो, 20 मिनिटंच. ती येतात कुठून ते ऐका. ओपन माइकचा, म्हणजे नवख्यांना स्टेज देणाऱ्या कार्यक्रमाचा, गूगल फॉर्म भरायचा, नाव लागलं तर संध्याकाळी जायचं, कॉफी विकत घ्यायची, 14 जणांनंतर आपला नंबर. समोर नऊ माणसं, त्यातले सात स्वतःच कॉमेडियन, आपापल्या वहीत डोकं घालून बसलेले. तीन मिनिटं झाली की मागून मोबाइलचा टॉर्च लागतो, एक मिनिट उरलं. उतरायचं, फोनवरचं रेकॉर्डिंग लोकलमध्ये ऐकायचं, कुठे हसू आलं, कुठे एक शब्द जास्त झाला, ते खोडायचं, उद्या दुसरीकडे तोच जोक. आठवड्यातून चार रात्री. असं महिनोन्महिने केल्यावर कुठेही चालेल असं एक मिनिट हाती लागतं. एक! तासाभराचा नवा शो उभा राहायला चांगल्या मुरलेल्या माणसालाही वर्ष-दीड वर्ष लागतं. त्यातला एखादा जोक रीलवर टाकला की दुसऱ्या दिवशी कुठलं तरी पेज नाव कापून उचलतं आणि तुम्हीच तो पोराला फॉरवर्ड करता, 'असं काहीतरी कर.'

कार्यक्रम झाला की बिलाचा खेळ सुरू. आधी पीओ म्हणजे पर्चेस ऑर्डरचा नंबर, तो कुणी दिलेलाच नसतो. मग व्हेंडर रजिस्ट्रेशन: पॅन, रद्द केलेला चेक, पत्त्याचा पुरावा, शिक्क्यासह सही. शिक्का! 23 वर्षांच्या पोरीकडे कसला शिक्का? मग जीएसटी नंबर. वर्षाला 20 लाखांच्या आत उलाढाल असलेल्या सेवा देणाऱ्याला तो घ्यावाच लागत नाही, हे तुमच्या अकाउंट्सला ठाऊक असतं, पण फॉर्ममधला तो रकाना लाल होतो म्हणे. मग डिक्लरेशन द्या. ते दिलं की ज्यांनी कार्यक्रम ठरवला त्या मॅडम नोकरी सोडून गेलेल्या असतात. 10 टक्के टीडीएस कापायला बरोबर आठवतं, सर्टिफिकेट द्यायला नाही. आणि महिन्याच्या सात तारखेला विचारलं तर पेमेंटची सायकल पाचला झाली, तीनला विचारलं तर सायकल अजून यायचीय. ही कसली सायकल? हिला पेडल आहे की नाही?

बास. उपरोध गेला खड्ड्यात.

तुम्ही डीजेला आगाऊ पैसे देता. मंडपवाल्याला देता. फुगे लावणाऱ्यालाही देता, कारण तो नाहीतर फुगे फोडून जाईल. या पोरांना देत नाही, कारण तुम्हाला माहितेय की ती वाईट बोलणार नाहीत, पुढचं काम जाईल म्हणून. याला बजेट नसणं म्हणत नाहीत, याला लुबाडणं म्हणतात. लहान उद्योगांसाठी 2006 चा एमएसएमई कायदा आहे: उद्यम नोंदणी असलेल्या लहान व्यावसायिकाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत चुकतं करायचं. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. त्या मुलीची नोंदणी आहे. हिशेब करून ठेवलाय.

पुढच्या वेळी निम्मे पैसे तारीख ठरवतानाच द्या, उरलेले माइक हातात देण्याआधी. जेवण तिच्या 20 मिनिटांनंतर सुरू करा. इको बंद करा. एवढं जमत नसेल तर बोलवू नका, अंताक्षरी खेळा. आणि ती स्मायली पाठवणाऱ्या सद्गृहस्थांनो, फाइल तुमच्याच टेबलावर आहे, डावीकडच्या ट्रेमध्ये. उठा आणि सही करा.