ह्यूस्टन म्हणजे डॅलस नव्हे, ताई

रविवारी पहाटे पाचला फोन वाजला. नाशिकला तेव्हा दुपारची जेवणं उरकलेली असतात, त्यामुळे फॉरवर्ड पाठवायची ताईची ती हक्काची वेळ. मथळा होता : ‘अमेरिकेची जुळी शहरं. एक पाहिलं की दुसरं पाहायला नको!’ खाली सहा जोड्या. लॉस एंजेलिस-सॅन फ्रान्सिस्को, सिएटल-पोर्टलंड, फिनिक्स-लास वेगास, ह्यूस्टन-डॅलस, पिट्सबर्ग-क्लीव्हलंड आणि मिनिॲपोलिस-सेंट पॉल. त्याखाली ताईची स्वतःची भर : ‘मी त्याला सांगितलंय, पाण्याचा विमा वगैरे काही नको. दोन वर्षं डॅलसला राहिला, काय झालं त्याला?’

‘तो’ म्हणजे माझा भाचा. जुलैत नव्या नोकरीसाठी ह्यूस्टनला येतोय. मी इथे चौदा वर्षं आहे. हा फॉरवर्ड एरवी मी हसून सोडला असता, पण त्यावरून घर आणि विमा ठरायला लागल्यावर गप्प बसवेना. म्हणून चौथ्या जोडीपासूनच सुरुवात करतो.

फॉरवर्ड म्हणतो : ‘दोन्ही टेक्ससमध्ये, दोन्हीकडे ऊन, तेल आणि रुंद रस्ते. एकात राहिलेल्याला दुसऱ्यात काहीच नवं नाही.’

राज्य एक आहे, कबूल. मुंबई आणि कोल्हापूरचंही राज्य एकच आहे, आणि अंतरही साधारण तेवढंच. कोल्हापूरकराला जाऊन सांगा, की तुमचं गाव म्हणजे मुंबईच. डॅलस समुद्रापासून आत, कोरड्या माळावर. तिथली भीती गारांची आणि टोर्नेडोची, म्हणजे ढगातून जमिनीवर सोंडेसारख्या उतरणाऱ्या भोवऱ्याची. तिथला माणूस आभाळ काळवंडलं की गाडी छपराखाली घेतो. ह्यूस्टन मेक्सिकोच्या आखाताच्या अंगाला, सपाट, चिकणमातीवर, मधून बायू नावाचे संथ नाले वाहणारं. इथे पाणी पडलं की जायला उतारच नाही.

ऑगस्ट 2017 मधलं हार्वे वादळ इथे येऊन चार दिवस ठाण मांडून बसलं. मुंबईच्या 26 जुलैला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला होता, तो आपण अजून विसरलेलो नाही. हार्वेत ह्यूस्टनच्या पूर्वेला नेदरलँड नावाच्या गावात एकूण 1,539 मिलिमीटर नोंदला गेला. ह्यूस्टन ज्या हॅरिस काउंटीत (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) येतं, तिथल्या पूरनियंत्रण खात्याचा 2018 चा अहवाल आहे. ज्याला वाद घालायचा असेल त्याने आधी तो वाचावा. काउंटीत अंदाजे 1 लाख 54 हजार घरांत पाणी शिरलं. त्यातली निम्म्याहून बरीच जास्त घरं नकाशावरच्या शंभर वर्षांच्या पूररेषेच्या (कुठल्याही वर्षी एक टक्का शक्यता असलेल्या पुराच्या हद्दीच्या) बाहेर होती. म्हणजे ‘आपण रेषेच्या बाहेर आहोत’ म्हणून निवांत झोपलेले लोक. आणि पाणी शिरलेल्या निम्म्याहून जास्त घरांना पुराचा विमा नव्हता.

याहून विचित्र गोष्ट पश्चिमेची. केटी या उपनगराकडे जाताना ॲडिक्स आणि बार्कर अशी मातीची दोन धरणं लागतात. 1929 आणि 1935 च्या पुरांनंतर लष्कराच्या अभियंत्यांनी ती 1940 च्या दशकात बांधली. एरवी ती कोरडी असतात. आत झाडं, पायवाटा, खेळाची मैदानं. नवख्याला वाटतं बाग आहे. सरकारने पुरेशी जमीन घेतली नाही, आणि धरण पूर्ण भरलं तर जिथवर पाणी चढेल त्या पट्ट्यात बिल्डरांनी वसाहती उभ्या केल्या. आपल्याकडे याला ‘बुडीत क्षेत्र’ म्हणतात, आणि तिथे कुणी घर घ्यायला निघालं तर गावातलं शेंबडं पोरही अडवेल. इथे फोर्ट बेंड काउंटीतल्या काही वसाहतींच्या नकाशावर ती सूचना बारीक अक्षरांत छापलेली होती. हार्वेत धरणं फुगली आणि पाणी मागच्या बाजूने दिवाणखान्यात आलं. शाळा चांगल्या आणि घरं परवडणारी, म्हणून आपली मराठी मंडळीही तिकडे भरपूर आहेत.

मी तेव्हा तळमजल्यावर भाड्याने राहत होतो. भाडेकरूचा विमा होता. चोरी, आग, फुटलेला नळ सगळं त्यात. बाहेरून चढलेलं पाणी नाही. इथे घराचा किंवा भाडेकरूचा नेहमीचा विमा पुराला लागू होत नाही, हे मला गाडीच्या स्टिअरिंगपर्यंत पाणी आल्यावर कळलं. गाद्या, सोफा, पुस्तकं सगळं रस्त्याकडेच्या ढिगावर गेलं. ताईने नाशिकहून पाठवलेली गोधडीसुद्धा, कारण ते पाणी गटाराचं होतं.

पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो. तो मुख्यतः केंद्र सरकारच्या योजनेतून मिळतो, भाडेकरूला सामानापुरता एक लाख डॉलरपर्यंत. पण खरी मेख वेगळीच. साधारणपणे पैसे भरल्यावर तीस दिवसांनी तो लागू होतो. वादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर. भाचा जुलैत येणार, आणि टीव्हीवर वादळ फिरताना दिसल्यावर फॉर्म भरणार, तर उपयोग शून्य.

यावर ताईचं उत्तर : ‘अरे, पण तो पहिल्या मजल्यावर घर बघतोय ना!’ ताई, अमेरिकेत पहिला मजला म्हणजे तळमजला.

तेलाचं म्हणाल तर ते ह्यूस्टनचं. 1914 मध्ये खोल केलेला जहाजांचा कालवा आणि त्याच्या काठचे तेलशुद्धीकरण कारखाने डॅलसकडे नाहीत. अर्धसत्य एकच : फेब्रुवारी 2021 च्या थंडीत दोन्ही शहरं सारखीच अंधारात गारठली. पण जुलै 2024 च्या बेरिल वादळात वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली ती ह्यूस्टनकडे. डॅलसकरांनी ते बातम्यांत पाहिलं.

बाकीच्या जोड्या पटकन उरकतो.

सिएटल-पोर्टलंड. ‘दोन्ही अमेरिकेतली सर्वांत पावसाळी शहरं.’ सिएटलला वर्षाला साधारण 1,000 मिलिमीटर पडतो, ह्यूस्टनला 1,300 च्या आसपास. तिथे असते ती पिरपिर, हिवाळाभर. जुलै-ऑगस्ट जवळजवळ कोरडा. वृत्तीने ही गावं खरंच जवळची आहेत, कॉफी आणि सायकलींसकट. पण पगारदाराला फरक खिशात कळतो. वॉशिंग्टन राज्यात सामान्य पगारावर राज्याचा आयकर नाही, पण सिएटलमध्ये खरेदीवर दहा टक्क्यांहून जास्त कर. ओरेगनमध्ये नेमकं उलट : विक्रीकर शून्य, आयकर जबर. नदीपलीकडे वॉशिंग्टनच्या हद्दीत राहायचं आणि खरेदीला पोर्टलंडला यायचं, हा तिथला जुना उद्योग. अर्थात नोकरी पोर्टलंडला असली की ओरेगनचा आयकर चुकत नाही.

फिनिक्स-लास वेगास. दोन्ही वाळवंटात, बरोबर. 2023 च्या उन्हाळ्यात फिनिक्सला सलग 31 दिवस पारा 43 अंशांवर होता. नागपूरकरानेही हात जोडावेत. पण फॉरवर्डमध्ये लास वेगासचा म्हणून लावलेला कॅसिनोंच्या रस्त्याचा फोटो बहुतेक लास वेगास शहराच्या हद्दीबाहेरचाच आहे. तो भाग कागदोपत्री शेजारच्या पॅरडाइज नावाच्या वस्तीत येतो.

लॉस एंजेलिस-सॅन फ्रान्सिस्को. एक दुसऱ्याच्या दहापट पसरलेलं, दुसऱ्यात जुलैत दुपारी स्वेटर लागतो. पुढे.

पिट्सबर्ग-क्लीव्हलंडला मात्र मान द्यावा लागतो, आणि मला तो द्यायची अजिबात इच्छा नव्हती. जनगणना काढून बघितली. क्लीव्हलंड 1950 मध्ये 9,14,808, 2020 मध्ये 3,72,624. पिट्सबर्ग 6,76,806 वरून 3,02,971. पोलादावर वाढलेली दोन गावं, पोलाद गेल्यावर दोन्ही निम्म्याहून कमी झाली. दोघांचं दुःख एक. फक्त एक तीन नद्यांच्या संगमावर, डोंगर-पुलांचं, तर दुसरं ईरी सरोवराकाठी सपाट. आणि 1970 च्या दशकापासून आपले लोक लांबलांबून गाड्या हाकत बालाजीच्या दर्शनाला जातात ते पिट्सबर्गलाच.

मिनिॲपोलिस-सेंट पॉल यांना तर सगळं जगच जुळी शहरं म्हणतं. मिसिसिपीच्या आरपार शेजारी आहेत. त्यात फॉरवर्डवाल्याने काय शोध लावला?

भाच्याने काल दोन पत्ते पाठवले. सरकारी पूरनकाशावर दोन्ही घालून पाहिले, रेषेच्या बाहेरचे निघाले. मग बार्करच्या बुडीत पट्ट्याचा नकाशा उघडला. स्वस्त असलेला तळमजला त्यात आत होता. त्याच्यावर फुली मारली. दुसरं घर इथल्या भाषेत तिसऱ्या मजल्यावर आहे. ‘मामा, मग विमा कशाला?’ असं त्याने विचारलंच. गाडी तिसऱ्या मजल्यावर लावणार का, असं मी विचारल्यावर पोरगा गप्प झाला. गाडीला पाण्याचं संरक्षण तिच्या स्वतःच्या विम्यात वेगळं घ्यावं लागतं, ते आज वाढवून घेतोय. जूनच्या पहिल्या आठवड्यात करारावर सही झाली की त्याच दिवशी सामानाच्या विम्याचाही अर्ज. पहिल्या वर्षाचे पैसे मी भरणार आहे. हे ताईला सांगायचं नाही असं ठरलं होतं, पण हे वाचून तिला आता कळेलच.