तीन हजार दाखले आणि गळालेले सहा रुग्ण

आमच्या आत्याने घरच्या ग्रुपवर टाकलेला फॉरवर्ड तुमच्याकडेही फिरत असेल. ‘जगात सर्वाधिक दाखले मिळालेले फ्रेंच शास्त्रज्ञ दिदिए राउल यांनी हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने कोविड बरा करून दाखवला. औषध स्वस्त म्हणून कंपन्यांनी तो निबंध मागे घ्यायला लावला. तीन हजारांवर संशोधकांनी दाखला दिलेला निबंध खोटा कसा? आपल्या सरकारनेही गोळी दिली होती. घरात एक स्ट्रिप ठेवा, ताप आला की घ्या.’ (दाखला म्हणजे दुसऱ्या संशोधकांनी आपल्या निबंधात केलेला उल्लेख.) आत्या निवृत्त विज्ञान शिक्षिका आहे, म्हणून जास्तच डोके फिरले.

आधी स्ट्रिपचे. ही गोळी ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार) आणि संधिवाताच्या रुग्णांना डॉक्टर तपासण्या करत देतात. तिने हृदयाचे ठोके बिघडू शकतात, ॲझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकबरोबर घेतली तर धोका आणखी वाढतो. तापासाठी मनाने घ्यायची ही चीज नाही.

राउल लहान माणूस नाही, हे कबूल. व्हिपल या आतड्यांच्या दुर्मिळ रोगाचा जिवाणू अनेक दशके कुणाला प्रयोगशाळेत वाढवता येत नव्हता, तो मार्सेयमधल्या त्यांच्या गटाने २००० साली वाढवून दाखवला. २००३ मध्ये मिमिव्हायरस जगासमोर आणला. हा विषाणू एवढा मोठा की आधी जिवाणूच समजला गेला होता. जिवाणूंच्या एका गटाला (जीनसला) राउलटेला असे त्यांचेच नाव आहे. पण जुन्या पुण्याईवर नवा निबंध खरा ठरत नाही.

आता तो मार्च २०२०चा निबंध. गोळी सुरू केलेले रुग्ण २६, हिशेबात धरलेले २०. मधले सहा कुठे गेले? तिघांना अतिदक्षता विभागात हलवले, एक वारला, एकाने मळमळीमुळे औषध सोडले, एक रुग्णालयातून निघून गेला. नापास मुले वगळून निकाल लावला तर कुठल्या शाळेचा शंभर टक्के लागणार नाही, आत्या? शिवाय मोजले काय, तर सहाव्या दिवशी नाकातल्या नमुन्यात विषाणू सापडतो का एवढेच. माणूस बरा झाला का, हा प्रश्नच नव्हता. गोळी कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, हेही चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. निबंध १६ मार्चला नियतकालिकाकडे पोहोचला, १७ ला स्वीकारला, २० ला ऑनलाइन आला. लेखकांपैकी एक जण त्याच नियतकालिकाचा मुख्य संपादक होता. परीक्षणात त्याचा हात नव्हता असे नंतर सांगितले गेले. असेलही.

तीन हजार दाखल्यांचे म्हणाल, तर या निबंधाला खोडून काढणाऱ्यांनाही त्याचा दाखला द्यावाच लागला. तो आकडा गाजावाजा मोजतो. डिसेंबर २०२४ मध्ये निबंध मागे घेतला गेला तो नैतिक परवानगी (रुग्णांवर अभ्यास करण्याआधी समितीकडून घ्यायची) आणि पद्धत यांवरच्या शंकांमुळे, आणि तीन सहलेखकांनी स्वतःच त्यातून अंग काढून घेतले होते. त्याआधी २०२३ मध्ये काही संशोधकांनी राउल यांच्या संस्थेतले निबंध तपासले, तर तब्बल २४८ निबंधांवर नैतिक परवानगीचा एकच क्रमांक!

‘सरकारने दिली होती’ हे खरे. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) मार्च २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधासाठी सुचवली. मुंबई महापालिकेने धारावी-वरळीत वाटायचे घाटले, मग बेत थांबवला. तेव्हा मोठ्या चाचण्यांचे निकाल हाती नव्हते.

गोळीवर अन्यायच झाला नाही असे मी म्हणणार नाही. ती घातक आहे सांगणारा लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला निबंध जून २०२० मध्ये मागे घ्यावा लागला, कारण त्याची आकडेवारी तपासायला कुणाला मिळेना.

म्हणून ब्रिटनमधली रिकव्हरी चाचणी बघा. रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी १,५६१ जणांना गोळी, ३,१५५ जणांना नेहमीचे उपचार, वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी. २८ दिवसांत गोळीवाल्यांपैकी २७ टक्के दगावले, दुसऱ्या गटातले २५ टक्के. फायदा शून्य. याच चाचणीत डेक्सामेथासोन या जुन्या, पेटंट नसलेल्या, स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे दिसले आणि ते जगभर वापरात आले. स्वस्त औषधे दडपायचीच होती, तर हे कसे सुटले?