खोली गुण्यात नाही

"सर, खोली गुण्यात नाही बगा."

फरशीवाला मिस्त्री तोंडातला तोबरा सांभाळत एवढंच बोलला आणि माझ्या पोटात गोळा आला. गुण्यात नाही म्हणजे कोपरा काटकोनात नाही. गिलावा होऊन दोन महिने झाले होते, टँकरचं पाणी विकत घेऊन भिंतींवर मारलं होतं (लातूरला २०१६ मध्ये रेल्वेनं पाणी आलं, तेव्हापासून आम्ही भिंतीवर पाणी मारताना पण शेजारी बघत नाही ना हे बघून मारतो), आणि आता फक्त आतलं किरकोळ राहिलंय असं मी शाळेत सगळ्यांना सांगून बसलो होतो.

मिस्त्रीनं कोपऱ्यापासून एका भिंतीकडं तीन फुटाला खूण केली, दुसरीकडं चार फुटाला, आणि तिरपा टेप धरला. पाच फूट यायला पाहिजे. आलं पाच फूट अर्धा इंच, वर थोडं. आता मी वीस वर्षं झालं दहावीला भूमिती शिकवतो. नऊ अधिक सोळा पंचवीस, झोपेत पण सांगतो. आणि माझ्याच बेडरूममध्ये पायथागोरस अर्ध्या इंचानं नापास.

"लाईन आऊटला टेप कुन्या येड्यानं धरला होता?"

"गवंडीच होता की एक," मी म्हणलं.

खरं म्हणजे लाईन आऊटला, म्हणजे पाया आखताना, टेप मीच धरला होता. मुहूर्त टळूलाला म्हणून गुरुजींची घाई, गवंडी म्हणाला सर जरा ते टोक धरा, मी धरलं, तेवढ्यात फोन आला, आणि फोनवर बोलताना माणूस एका जागी उभा राहत नाही हे तर तुम्हालाही माहितीय. आखलेल्या रेघांवर फक्की पडली, नारळ फुटला, विषय संपला. म्हणजे मला वाटलं संपला.

दहा बाय बाराची खोली, दोन बाय दोनच्या टाईल्स. एका टोकाला पाच टाईल्स बरोबर बसल्या, दुसऱ्या टोकाला तीन इंच उरले. म्हणजे भिंतीच्या कडेनं बारा फूट लांब पाचर, एका बाजूला सुईसारखी. मी म्हणलं अहो आपली लातूरची गंजगोलाई बाजारपेठ बघा, सोळा रस्ते फुटतात, तिथं कुणी गुण्या लावला का? मिस्त्री म्हणाला, "ती गोल हाय सर. गोलात बरोबर हाय."

मग सुतार आला. त्याचं कपाट काटकोनात, भिंत नाही, त्यानं फरशीवाल्याला शिव्या घातल्या. फरशीवाल्यानं गवंड्याला. पेंटर म्हणाला पुट्टी म्हणजे दोन-तीन मिलीमीटरचा खेळ, तीन इंच झाकायला पुट्टी नाही, पडदा लावा. मी प्रत्येकाच्या वेळेला मान हलवत, "काय करावं, आजकाल कामं अशीच होऊलालीत" म्हणत चहा सांगायचो. बाथरूमच्या ढाळाचं तर काढूच नका, आठ दिवसाला येणारं पाणी जाळीकडं सोडून सगळीकडं जातं.

वाकडा कोपरा झाकायला वर माळा काढू म्हणलं तर आई आडवी आली. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर ती कितीतरी दिवस अंगणात झोपलेली, त्यामुळं डोक्यावर वजन म्हणलं की तिच्यापुढं कुणाचं चालत नाही. "वाकडं असू दे, वर काही नको." शेवटी कपाट आणि भिंतीच्या मधल्या फटीत तिनं केरसुणी ठेवली. एकदम मापात बसली. सुतार म्हणाला हे आधी सांगायचं ना, ह्याला केरसुणीचा कप्पा म्हणून पैसे लावले असते.

वास्तुशांतीला सगळ्यांना बोलावलं. फरशीवाला, सुतार, पेंटर एका ओळीत, आणि शेवटी गवंडी. तिघांनी त्याच्याकडं असं बघितलं की मलाच त्याची दया आली. तो मात्र शांतपणे जेवत होता. मी बुंदी घेऊन त्याच्यापर्यंत पोचलो तसं त्यानं एकदा कोपऱ्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि हळूच विचारलं,

"सर, त्या दिवशी फोन कुणाचा होता हो?"

मी त्याच्या पत्रावळीत बुंदीचे तीन डाव वाढले.