सापडू नये म्हणून शोधावं कसं

तुमची सोसायटी जिथे उभी आहे तिथे पूर्वी पेट्रोल पंप होता, ही बातमी तुम्हाला बिल्डरकडून नव्हे तर रिक्षावाल्याकडून कळलेली असते. "जुन्या पंपावर ना?" असं तो अजूनही विचारतो. मग एखाद्या मे महिन्यात नगरपालिकेचं पाणी दिवसाआड होतं, बोअर सुरू होतो, आणि तळमजल्यावरच्या काकू बादली घेऊन सेक्रेटरीच्या दारात उभ्या राहतात. पाण्यावर मोरपिशी तवंग. घाबरू नका. अशा वेळी तपास करायचाच असतो, फक्त तो काही सापडणार नाही अशा बेताने करायचा. आमच्या सोसायटीने हे एका सर्वसाधारण सभेत, वेफर्स आणि चहासकट, जमवून दाखवलं.

आधी एक करा, मागचं उकरू नका. पंपाच्या परवान्याला मंजूर नकाशा जोडलेला असतो. जमिनीखालच्या टाक्या कुठे, पाइप कुठून, सगळं त्यात असतं. स्फोटकं आणि पेट्रोलियमचे परवाने बघणाऱ्या पेसोचं मुख्यालय तर आपल्याच नागपुरात आहे. कुणी उत्साही सभासद "अर्ज करू या" म्हणालाच, तर विषय पुढच्या सभेत ढकला. पंपावर नोकरी केलेला एखादा म्हातारा गावात असतोच. रोज सकाळी टाकीत डिपची काठी घालून साठा तोच मोजायचा, आणि कुठल्या टाकीचा हिशेब कायम कमी भरायचा हे त्याला आजही पाठ असतं. त्याला चहाला बोलावू नका.

भूजलतज्ज्ञ बोलावण्याची चूकही करू नका. तो आल्या आल्या तीन बोअर मागतो, तेही एका रेषेत नाही, त्रिकोणात. म्हणे तीन ठिकाणची पाण्याची पातळी मोजल्याशिवाय खालचं पाणी कुठल्या दिशेला वाहतंय ते कळत नाही. त्यापेक्षा पाणाडी बरा. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून आवारात एक फेरी मारतो आणि जिथे नारळ उभा राहील तिथे एकच बोअर सांगतो. आमच्याकडे तो गेटजवळच्या गणपतीपाशी उभा राहिला, म्हणजे टाक्यांच्या वरच्या अंगाला. पाण्याबरोबर घाणही उताराला लागते, चढाला नाही. त्यामुळे गणपतीपाशी पाणी स्वच्छ निघालं यात पाणाड्याचं कौशल्य किती आणि बाप्पाची कृपा किती, यावर वाद होऊ शकतो.

भूगर्भही तुमच्याच बाजूने आहे. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग बेसॉल्टचा. मुरूम संपून काळा दगड लागला की पाणी फटीफटींतून चालतं, आणि पेट्रोलही तीच वाट धरतं. टाकीपासून दहा फुटांवरचा बोअर निर्मळ आणि गल्लीपलीकडच्या विहिरीला वास, असं सहज होऊ शकतं. गल्लीपलीकडची विहीर आपल्या हद्दीत येत नाही.

मुहूर्त ऑगस्टचा काढा. पेट्रोल पाण्यावर तरंगतं. उन्हाळ्यात पातळी उतरली की तवंगही मुरमाला माखत खाली जातो. पावसाळ्यात पाणी चढलं की त्यातला बराचसा मुरमातच अडकून पडतो आणि बोअरमध्ये दिसेनासा होतो. न दिसणं आणि नसणं यांत फरक करणारी माणसं कमिटीवर घेऊ नयेत.

आता नमुना. जाणकार आधी बोअरमधलं साचलेलं पाणी उपसून टाकतो. मग चाळीस मिलिलिटरची काचेची कुपी काठोकाठ भरतो, झाकण लावून उलटी धरतो, आत हवेचा बुडबुडा राहिलाय का बघतो, आणि ती बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पोचवतो. एवढे लाड कशासाठी? तर पेट्रोलमधलं बेंझिन हे जात्याच उडाणटप्पू. जरा हवा मिळाली की पसार. म्हणून तुम्ही कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली घ्या, अर्धीच भरा, स्कूटरच्या हँडलला पिशवीत लटकवा आणि दोन दिवस उन्हातून आपापली कामं उरका. वाटेत भाजी घेतलीत तरी चालेल.

प्रयोगशाळेच्या फॉर्मवर टीडीएस, जडपणा, पीएच आणि जिवाणू एवढ्यावरच खुणा करा. बेंझिन विचारलं नाही तर बेंझिन येत नाही. अहवाल येतो, 'पिण्यास योग्य'. तो लॅमिनेट करून लिफ्टशेजारी लावा.

तिसऱ्या मजल्यावरचा केमिकल इंजिनिअर मात्र सांभाळा. तो सभेत उठून म्हणेल की जागतिक आरोग्य संघटनेच्या लेखी पिण्याच्या पाण्यात बेंझिन लिटरमागे १० मायक्रोग्रॅमच्या वर नको, कारण त्याने कॅन्सर होतो. आणि आपल्या पेट्रोलमध्ये ते १ टक्क्यापर्यंत असू शकतं. म्हणजे लिटरभर पेट्रोलमधलं बेंझिन जवळजवळ नऊ लाख लिटर पाणी नासवायला पुरतं, दहा हजारी टँकर धरले तर नव्वदेक. हिशेब बरोबर आहे. म्हणूनच तो इतिवृत्तात घेऊ नये. तो सांता मोनिकाचंही सांगेल. कॅलिफोर्नियातल्या त्या शहराला १९९६ साली विहिरी बंद कराव्या लागल्या आणि निम्म्याच्या आसपास पाणी बाहेरून विकत घ्यावं लागलं. टाक्या आणि पाइपांमधून पेट्रोल झिरपलं होतं आणि त्यातलं एमटीबीई नावाचं रसायन विहिरींत उतरलं होतं. त्याला शांतपणे सांगा, ती अमेरिका. तिथे जमिनीखालच्या टाक्यांच्या पाच लाखांहून जास्त गळत्या नोंदल्या गेल्यात, कारण ते लोक नोंदवत बसतात.

वास येतो म्हणणाऱ्यांशी वाद घालू नका. नाकाला बेंझिन कळेपर्यंत ते मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेलं असतं, हे त्यांना ठाऊक नसतं. आमच्या सभेत ठराव एकमताने झाला, काकूंची बादली विसळून परत दिली. प्यायला सगळ्यांनी जार लावलेत, बोअर फक्त वापरायला. वॉचमनच्या खोलीला तेवढं बोअरचंच कनेक्शन आहे, पण तो सभासद नाही, त्यामुळे त्याचं मत मोजलं गेलं नाही. त्याची बायको म्हणते, भाताचं झाकण काढलं की पंपावर उभं राहिल्यासारखं वाटतं.