पागोळी नसलेलं घर

दिवाळी अंकाची कथा 15 ऑगस्टच्या आत हवी, असा संपादकांचा फोन आला तेव्हा आमच्या वरच्या मजल्यावर फरशी कापायचं यंत्र चालू होतं. मी "हो हो" म्हटलं ते त्यांना "नको नको" असं ऐकू गेलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं. 1909 साली 'मनोरंजन' मासिकाने मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून मराठी लेखकाचा पावसाळा नासला. बाकीचं जग भजी खात असतं, आम्ही पणत्यांच्या उजेडातली गोष्ट लिहीत बसलेलो असतो.

जुलै संपत आला तरी माझी नायिका दारातच उभी होती. जूनमध्ये तिने बेल वाजवली होती. दार कोण उघडणार, हे काही माझं ठरत नव्हतं. दोष अर्थातच वरच्या फरशीचा. तसं मी चार लोकांना सांगितलं. सांगायला नको होतं. पुण्यात तक्रार करमणूक म्हणून ऐकायची पद्धत आहे, पण त्या चारांत एक उपाय करणारा निघाला.

"माझ्या मेव्हण्याने केळशीच्या पुढे समुद्रावर घर बांधलंय," बँकेतला हा जुना सहकारी म्हणाला. "घर कसलं, शिल्प आहे! मुंबईच्या मोठ्या आर्किटेक्टने आखलंय. आसपास चिटपाखरू नाही. लेखक, चित्रकार मंडळींना तो पावसाळ्यात फुकट राहू देतो. अट एकच, जाताना अभिप्रायाच्या वहीत दोन ओळी लिहायच्या. तिथे म्हणे आपोआप सुचतं."

'पावसाळ्यातच का?' हा प्रश्न मला त्या वेळी सुचला नाही. आपोआप तर नाहीच.

"जाऊन ये," बायको म्हणाली. "पण तिथेही नाही सुचलं, तर यापुढे या घरात फरशीचं नाव काढायचं नाही."

ताम्हिणी, माणगाव, आंबेत, मंडणगड असं करत संध्याकाळी पोचलो. शेवटचा दीड किलोमीटर चिखलातून चालत. पुढे छत्री धरून तिथले राखणदार, ज्यांना गावात सगळे भाऊ म्हणतात. मागे मी, डोक्यावर बॅग.

घर खरोखरच देखणं होतं. हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळा. एका बाजूला जांभ्याची लांबलचक भिंत, वर सपाट काँक्रीटचं छप्पर, आणि समुद्राच्या अंगाला नुसती काच. जमिनीपासून छपरापर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पडदा नाही, गज नाही, कडी दिसेल तर शपथ. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होत जातो, असं भाऊंनी भिंतीवर थाप मारत सांगितलं. मला ते उगाचच लागलं. माझ्या डोक्याचंही तसंच झालं असावं.

"समुद्र कुठाय?" मी विचारलं.

"हा काय समोर," भाऊ म्हणाले.

समोर करडा रंग होता. पाऊस, धुकं आणि काचेवर साठलेलं खारं पाणी मिळून कोणीतरी चादर वाळत घातल्यासारखं दिसत होतं. समुद्र ऐकू मात्र येत होता. भरतीरेषेपासून दोनशे मीटरच्या आत नवं बांधकाम नको, हा अशा विरळ वस्तीच्या किनाऱ्याचा 1991 सालापासूनचा नियम, म्हणून घर तेवढं मागे. मधे पूर्वी भाऊंच्या चुलत्यांची नारळी-पोफळीची वाडी होती. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात ती एका दुपारी आडवी झाली. "झाडं पडली, मग समुद्र दिसाय लागला. मग सायबांनी जागा घेतली," भाऊंनी सगळा इतिहास तीन वाक्यांत संपवला आणि दिवे लावायला गेले.

दिवे लावणं हे त्या घरात काम नाही, विद्या आहे. बटण नावाची वस्तूच नाही. भिंतीत एक काळी काच, तिला बोट लावायचं. काचेवर 'स्वागत', 'संवाद', 'चिंतन', 'सांजवेळ' असे शब्द. मला फक्त संडासातला दिवा हवा होता. 'चिंतन' त्यातल्या त्यात जवळचं वाटलं म्हणून दाबलं, तर सगळ्या घरात अंधार होऊन एका कोनाड्यातल्या मडक्यावर उजेड पडला. 'संवाद' दाबल्यावर कुठेतरी बासरी सुरू झाली. ती बंद करणारा शब्द मला शेवटपर्यंत सापडला नाही. रात्री अकराला वीज गेली आणि घर एकदाचं गप्प झालं. महावितरणबद्दल मनात इतका जिव्हाळा आयुष्यात पहिल्यांदाच दाटून आला.

आता न्हाणीघर. त्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं.

त्याला छप्पर नव्हतं. पडलं नव्हतं किंवा राहून गेलं नव्हतं, मुद्दामच नव्हतं. आकाशाखाली स्नान करावं, अशी योजना. मधोमध चाफा, सभोवती गोटे, एका कडेला कमोड. मार्चमध्ये ते रम्य असेल. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी तिथे सकाळी सहा वाजता भाऊंची छत्री उघडून बसलो होतो. एक हात छत्रीला, दुसरा वाऱ्याने फडफडणाऱ्या कागदाच्या गुंडाळीवर. समोरच्या गोट्यावर एक बेडूक येऊन बसला आणि डोळ्याची पापणी न लववता माझ्याकडे पाहत राहिला. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाची फार थोडी प्रतिष्ठा शिल्लक असते. ती त्या बेडकाने नेली. अंघोळीचं म्हणाल तर वरून गार पाणी, शॉवरमधून गरम पाणी, आणि दोन्ही मिळून कोमट व्हायच्या आत वाऱ्याने आडवं झालेलं. टॉवेल कोरडा नेला तरी अंग पुसायच्या आधी तोच पिळावा लागे.

लिहायचं टेबल मात्र थाटाचं. जुन्या गलबताच्या लाकडाची बारा फुटी फळी. समुद्राकडे तोंड करून बसायचं आणि क्षितिजाकडे बघत लिहायचं. क्षितिज रजेवर होतं, पण मी बसलो. हवेतला ओलावा वाढला तसा त्या फळीला आपला पूर्वेतिहास आठवू लागला. दुपारपर्यंत खोलीत सुक्या बोंबलाचा दरवळ सुटला. तीन वाजता कुठूनशी एक मांजर आली, टेबलावर चढली, आणि तिने फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत श्रद्धेने हुंगली. खुर्चीला पाठ नव्हती. पाठ टेकली की विचार सुस्तावतात, असं आर्किटेक्टचं मत असल्याचं भाऊंना कोणीतरी सांगितलं होतं.

या सगळ्यापेक्षा जड गेली ती शांतता. घरी फरशी कापली जात असताना मला निदान "छे, अशात काय लिहिणार!" असं म्हणता येई. इथे तसं म्हणायला जागाच ठेवली नव्हती. आख्खं घर पाहुण्याला दाखवायला आणलेल्या मुलीच्या आईसारखं टक लावून बसलेलं. सुचलं का? आता? बरं, चहानंतर? मी पेन उचललं की वाटायचं, काच पुढे सरकून वाकून बघतेय. दुसऱ्या दिवशी मी फक्त "ती दारात उभी होती" हे वाक्य "दारात ती उभी होती" असं केलं, आणि संध्याकाळी परत पहिल्यासारखं.

घरात वाचायला दोनच गोष्टी. एक ती अभिप्रायाची वही, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली. "अप्रतिम!" "शब्द अपुरे पडतात." "इथे कविता भिंतींतून झिरपते." हे शेवटचं एका कवीचं, तारीख मागच्या जुलैची. वहीच्या शिवणीत मधूनमधून फाडलेल्या पानांच्या दातेरी कडा होत्या. मावशींना, म्हणजे भाऊंच्या पत्नीला, चूल पेटवायला कोरडा कागद लागत असेल, असं मी मनात म्हटलं आणि पुढे गेलो.

दुसरं म्हणजे ल कॉर्बुझिएवरचं जाडजूड पुस्तक. चंदीगढ आखणारे तेच. त्यांनी पॅरिसजवळ बांधलेलं व्हिला सव्वा हे घर सपाट छपराचं, आडव्या लांब खिडक्यांचं. आज ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण 1930 च्या दशकात त्यात राहणाऱ्या सव्वाबाई आर्किटेक्टला पत्रांमागून पत्रं लिहीत होत्या, की प्रवेशाच्या दालनात पाऊस पडतोय, उतारावर पडतोय, गॅरेजची भिंत भिजून गेलीय, न्हाणीघरात तर तळं साचतं. हे मी बॅटरीच्या उजेडात वाचलं आणि त्या बाईंना मनातल्या मनात ताई म्हणू लागलो. पुढच्या पानांवर त्याहून मोठी गंमत. या थोर माणसाने दक्षिण फ्रान्समध्ये समुद्रकाठी स्वतःसाठी काय बांधावं? 3.66 मीटर लांब, 3.66 मीटर रुंद अशी लाकडी खोली. म्हणजे बारा बाय बारा! स्वयंपाकघर नाही, कारण शेजारच्या खानावळीत जायला मधे दार. गिरगावातली माझ्या काकाची खोली याहून दोन फुटांनी लहान होती आणि खानावळ जिना उतरून होती. एवढा फरक सोडला तर काकाही जागतिक दर्जाचं जीवन जगला. फक्त खोलीत सात माणसं असल्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

तिसऱ्या रात्री पावसाने जोर धरला आणि पहिला थेंब पडला. नेमका माझ्या कथेच्या वहीवर. शाईचा भला मोठा डाग झाला आणि नायिका, दार, बेल सगळं एकदम निळं झालं. मग दुसरा थेंब, तिसरा. शोभेला ठेवलेली तांब्याची दोन घंगाळं ओढून आणली, त्यांच्यातली वाळकी फुलं फेकली आणि धारेखाली लावली. तिसऱ्या धारेखाली 'चिंतन'वालं मडकं. भाऊ कंदील घेऊन धावत आले, वर बघितलं आणि अजिबात दचकले नाहीत.

"दरसाल हितंच," ते म्हणाले. "ह्या घराला पागोळीच नाय ओ साहेब. पानी जाईल कुटं? आमच्या घराची कौलं वादळात उडाली, पुन्हा तशीच चढवली. पावसाला उतार लागतो." आणि मडकं थोडं डावीकडे सरकवून गेले. थेंब बरोबर मध्ये पडू लागला.

झोप येणं शक्य नव्हतं. घंगाळं वेगवेगळ्या पट्टीत वाजत होती. मला कुणाला तरी हे सगळं सांगायचंच होतं. पण फोनला रेंज मिळायची मारुतीच्या देवळाच्या तिसऱ्या पायरीवर, आणि बायकोला सांगितलं तर फरशी कायमची गेली. घरात कोरडा कागद एकच, ती पिशवीतली वही. म्हटलं, सव्वाताईंनी पत्रं लिहिली, आपण अभिप्राय लिहू. दोन ओळींचीच अट आहे, जास्तीची मनाई कुठे आहे?

लिहायला बसलो. बेडूक लिहिला, बासरी लिहिली, बोंबील लिहिला. तिसऱ्या पानावर केव्हातरी लक्षात आलं की घंगाळाशी बसलेला माणूस मी नाही. नायिकेने बेल वाजवली, आतून "थांबा, हात भरलेत" असं कोणीतरी ओरडलं, आणि दार उघडलं तेव्हा समोर हातात बादली घेतलेली तिची सासू. वर घर गळतंय. नायिकेने पर्स खाली ठेवली, पदर खोचला आणि दुसरी बादली उचलली. जूनपासून ताटकळलेली बाई एकदाची घरात आली. मी मान वर केली तेव्हा उजाडलं होतं. धुकं थोडं विरळ झालं होतं आणि समुद्र म्हणतात तो समोर दिसत होता. दोन मिनिटं पाहिला. चांगला होता.

सकाळी देवळाच्या पायरीवर संपादकांचा निरोप मिळाला: "कथा? आज पान लावतोय." परत आलो तर भाऊ छत्री आणि माझी बॅग घेऊन उंबऱ्यात. गाडीची वेळ झालेली. वही टेबलावर उघडी. दोन्ही बाजूंनी भरलेली चार पानं, माझ्याच अक्षरात, आणि ती वही त्या घराची.

"भाऊ, जरा पाणी देता?" मी म्हटलं. ते आत वळले. मी पट्टीच्या कडेने सावकाश, शिवण न उसवता, चारही पानं फाडली, घडी करून बंडीच्या आतल्या खिशात घातली, आणि पुढच्या कोऱ्या पानावर लिहिलं: "अप्रतिम वास्तू! इथे लेखणी आपोआप चालते." खाली सही, तारीख.

भाऊंनी तांब्या माझ्या हातात दिला आणि वही उचलली. पिशवीत घालण्याआधी त्यांनी शिवणीवरून अंगठा फिरवला.

"चारच?" ते म्हणाले. "मागल्या बाईंनी आठ नेली."