गिटारला जवारी लागली

एप्रिल संपत आला आणि माझी गिटार भुणभुणायला लागली. जाड तारेवर दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटला (म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्टीला) बोट ठेवलं की स्वराच्या पाठोपाठ एक बारीक 'झ्झं' यायचा. मी वैतागलो. आई मात्र हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली ती कौतुकानेच. "अरे वा! आज तुझा डबा सुरेल वाजतोय की. जवारी काय छान बोलतेय!"

आई गाते. तिच्याकडे मिरजेचा तंबोरा आहे, भोपळा पंढरपूरकडचा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून त्याचा आमच्या घरात जावयापेक्षा जास्त मान आहे. तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती, अशी बेताने घासलेली असते की छेडलेली तार तिला निसटती शिवत राहते. झंकार येतो तो त्या शिवण्यातून; तीच जवारी. मग तारेखालचा जवारीचा दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत आई तो झंकार शोधत बसते आणि तोवर घरात कुकरही लावायचा नसतो. गिटारची तार फ्रेटला तश्शीच शिवली की मात्र त्याला बिघाड म्हणतात.

"म्हणजे लोक जवारी लावून घ्यायला मिरजेला जातात, आणि तू ती घालवायला पैसे देणार?" आईने विचारलं. यावर उत्तर नव्हतं. मी गिटार पाठीला लावली आणि निघालो.

पुण्यातल्या एका पेठेत, लाकडी जिन्याच्या वर, गिटारचा सेटअप करणाऱ्या, म्हणजे गळा आणि तारांची उंची जुळवून देणाऱ्या काकांची खोली आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. गिटार डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरली, गळ्यावरून नजर फिरवली आणि म्हणाले, "आधी कोणी हात लावलाय?" हा प्रश्न दंतवैद्य, प्लंबर आणि गिटारवाले अगदी एकाच सुरात विचारतात.

हात लावला होता भाच्याने. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे घरातल्या कुठल्याही वस्तूला त्याच्यापासून धोका आहे. पावसाळ्यात पुण्याची हवा ओली झाली, गिटारचं वरचं पातळ लाकूड फुगलं, तारा उचलल्या गेल्या आणि दाबताना बोटं सोलवटायला लागली. भाच्याने व्हिडिओ पाहिला, ॲलन की आणली आणि गळ्यातला ट्रस रॉड, म्हणजे गळ्याचा बाक कमीजास्त करणारी आतली सळी, आवळून टाकला. गळा ताठ झाला, तारा खाली आल्या, मामा खूश. उन्हाळ्यात तेच लाकूड सुकून खाली बसलं, तारा आणखी उतरल्या, गळा मात्र ताठच्या ताठ. सहा तारांचा मिळून 70 किलोंच्या आसपास ताण त्या गळ्यावर असतो. त्या ताणाने तो किंचित वाकलेलाच हवा.

"वाजवून दाखवा," काका म्हणाले.

सेटअपमधला हा भाग कोणी आधी सांगत नाही. माणूस तारांवर किती जोरात हात मारतो यावर तारा किती वर ठेवायच्या ते ठरतं, त्यामुळे परीक्षा द्यावीच लागते. नेमका तेव्हाच एक कॉलेजचा मुलगा तारांचा सेट घ्यायला जिना चढून आला आणि दाराशी टेकून उभा राहिला. मी जी मेजर कॉर्ड वाजवला. मग सी. मग परत जी. काका डोळे मिटून ऐकत होते. "एफ?" त्यांनी नवशिक्यांना छळणारा कॉर्ड विचारला. मी म्हटलं, "तेवढ्यासाठीच तर आणलीय." मुलगा जिन्याकडे बघायला लागला. काकांनी वहीत लिहिलं, 'हात हलका'. याला मी आजही स्तुती समजतो.

त्यानंतरचं काम मात्र बघत बसावं असं. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, चौदाव्यावर अंगठा, आणि मधोमध तारेखाली पत्र्याची पातळ पट्टी. पाव मिलिमीटरभर फट हवी होती, तिथे पट्टी शिरेचना. रॉड पाव फेरा सैल. थांबले, तारा सुरात आणल्या, पुन्हा पट्टी. गळ्यावरची लाकडी पट्टी सुकून, आक्रसून फ्रेटची टोकं बाहेर आली होती, ती कानशीने गोल केली. घोडीवरचं प्लास्टिकचं सॅडल, म्हणजे तारा टेकतात तो तुकडा, तारांनी चरे पाडून झिजवलं होतं, त्याजागी हाडाचं आलं. ते पॉलिश पेपरवर घासायचं, तेही खालून, आणि हिशेब असा की 1 मिलिमीटर घासलं तर बाराव्या फ्रेटवर तार अर्धाच मिलिमीटर उतरते. काका दोनदा घासायचे, चारदा मोजायचे. शेवटी जाड तारेखाली अडीच मिलिमीटर, बारीक तारेखाली दोनच्या जरा आत, एवढ्यावर त्यांचं समाधान झालं.

"केसमध्ये ठेवा. आत आर्द्रतेचं मीटर टाका, 45 ते 55 टक्के. पावसाळ्यात पुन्हा आणा."

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "गवसणी घालून ठेव हे कळायला मीटर कशाला लागतं?" हाडाच्या सॅडलवर तिने नाक मुरडलं. तिच्या तंबोऱ्याची घोडी कशाची आहे हे मी मुद्दाम विचारलं नाही. मग मी एफ वाजवला. वाजला! साही तारा वाजल्या, एकही भुणभुणली नाही. आईने मान कलती करून ऐकलं आणि म्हणाली, "स्वच्छ आहे. पण ओकंबोकं."

मे महिन्यात भाचा सुट्टीला आला. सकाळी आई रियाजाला बसली होती. तो चहाचा कप घेऊन दारात उभा राहिला, तंबोरा लक्ष देऊन ऐकला, खाली वाकून घोडी बघितली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "आजी, खूप बझ येतोय याला. बघू का?"

ॲलन की त्या दिवसापासून आईच्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे.